मागाच्या बेल्टचं सिम्युलेशन: लोड लिमिटच्या खाली असूनही बेल्ट सरकतोय, घर्षण नक्की कसं लिहायचं?

माग_आणि_मॉडेल:

नमस्कार मंडळी, मेकॅनिकल शेवटचं वर्ष, सोलापूर. प्रोजेक्टला टॉवेलच्या पॉवरलूमचं ड्राइव्ह घेतलंय, म्हणजे मोटर, व्ही-बेल्ट, मागाची मोठी पुली आणि पुढं क्रँकशाफ्टवर येणारा लोड, सगळं पायथनमध्ये. सर म्हणाले तयार सॉफ्टवेअरमधला ब्लॉक उचलून आणू नकोस, बेल्ट पुलीला कुठं धरतो कुठं सोडतो ते स्वतः लिहून बघ, म्हणून या फंदात पडलोय.

माहिती अशी: १ एचपी मोटर, ९६० आरपीएम, मोटरची पुली ७५ मिमी, मागाची ५०० मिमी, दोन्हीत अंतर ६०० मिमी, ए सेक्शनचा बेल्ट. बेल्टची लांबी २१७८ मिमी येते, तिचे २०० मणी केलेत, दोन मण्यांमध्ये स्प्रिंग आणि थोडं डॅम्पिंग, ईए (ताणाला बेल्टचा कडकपणा) १०,००० न्यूटन धरलंय, वजन मीटरला १०० ग्रॅम. मणी पुलीत थोडा घुसला की बाहेर ढकलणारा फोर्स, आणि घर्षणाला कूलंब (दाबाच्या प्रमाणात घर्षण) पण टॅनएच (शून्यातून चढून एकावर टेकणारा वक्र) लावून गुळगुळीत केलेलं, म्हणजे म्यू (घर्षणाचा गुणांक) गुणिले एन (दाब) गुणिले टॅनएच(सरकण्याचा वेग भागिले व्ही-एप्सिलॉन). व्ही-एप्सिलॉन, म्हणजे साधारण ज्या वेगाला घर्षण पूर्ण होत येतं तो, ०.१ मीटर प्रति सेकंद. टाइम स्टेप २ मायक्रोसेकंद. दोन्ही पुलींना खाच धरलीय, म्यू ०.३, खाचेचा कोन ३४ अंश.

आता त्रास सांगतो. हिशोबाने १४४ आरपीएम यायला पाहिजेत, मॉडेल १३७ दाखवतंय. बेल्टवर ओढ लागते १९८ न्यूटन (१ एचपी भागिले ३.७७ मीटर प्रति सेकंद), सुरुवातीचा ताण दोन्ही बाजूंना २००-२०० दिलाय त्यामुळं सूत्राने लिमिट ३३८ न्यूटनच्या आसपास येतं, म्हणजे लोड बराच खाली आहे, तरी बेल्ट सरकतोच. आणि दुसरं, त्याहून विचित्र, मागाला ब्रेक लावून मोटरला अर्धाच टॉर्क देऊन ठेवला तरी बेल्ट मुंगीच्या पावलानं सरकत राहतो, थांबतच नाही. व्ही-एप्सिलॉन ०.०१ केला तर सगळा ग्राफ खडखड करतो. शिवाय ताणाच्या ग्राफवर एक बारीक लाट आहे, ३४५ हर्ट्झच्या आसपास, ती कुठून येते तेही कळेना.

कोणी असलं काही केलंय का?

---

चिंचोळीकर:

भावा कशाला एवढं डोकं फोडतोस, २ टक्के स्लिप धर आणि पुढं चल, सगळे तेच करतात. पुस्तकात सूत्र आहे, टी१ (घट्ट बाजूचा ताण) भागिले टी२ (सैल बाजूचा) बरोबर ई चा म्यू-थीटा घात, थीटा म्हणजे पुलीवरच्या विळख्याचा कोन, लिमिटच्या खाली असलं तर बेल्ट चिकटलेला, वर गेलं तर सरकला. मणी-बिणी पीएचडीवाल्यांना.

---

गणिताचा_किडा:

चिंचोळीकर, ते सूत्र चिकटण्याची शेवटची मर्यादा सांगतं, मर्यादेच्या आत काय चाललंय ते सांगत नाही. आणि हा नेमका मर्यादेच्या आतलंच विचारतोय.

@माग_आणि_मॉडेल, तुझ्या १३७ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात. एक खरी आहे, एक तुझ्या कोडने तयार केलेली.

खरी कोणती ते आधी. रबर ताणलं जातं. घट्ट बाजूला ताण जास्त म्हणून बेल्ट जास्त लांबलेला, सैल बाजूला कमी. मोटरच्या पुलीवर बेल्ट लांबलेला येतो आणि आखडून बाहेर पडतो, आता पुलीला चिकटून राहूनच आखडायचं कसं? थोडं तरी सरकावं लागणारच. म्हणून पुलीवर दोन भाग पडतात, बेल्ट आत येतो त्या बाजूला चिकटलेला भाग आणि बाहेर पडतो त्या बाजूला सरकणारा भाग. हे ऑसबर्न रेनॉल्ड्सने १८७४ मध्येच मांडलंय, आपली सोलापूरची जुनी मिल सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. याला क्रीप म्हणतात, स्लिप नाही, आणि हा लिमिटच्या कितीही खाली असलास तरी राहतोच. किती? ताणातला फरक भागिले ईए. तुझ्याकडे साधारण २०० भागिले १०,००० म्हणजे २ टक्के. १४४ चे १४१ होणार, ते बरोबरच आहेत, ते घालवायला जाऊ नकोस.

आता किती भाग सरकतो बघ. तुझा टी१ ३०० आणि टी२ १००, गुणोत्तर ३. लॉग घेतला १.१. खाचेमुळे म्यू वाढून ०.३ भागिले साइन १७ अंश म्हणजे १.०२६. भागलं की १.०७ रेडियन, म्हणजे ६१ अंश. छोट्या पुलीवर बेल्टचा विळखा १३८ अंशांचा आहे, त्यातले ६१ सरकणारे, उरलेले ७७ घट्ट बसलेले. हे झालं कागदावर.

तुझ्या कोडमध्ये काय होतंय? छोट्या पुलीवर बेल्टची लांबी ९१ मिमी, तुझा एक मणी १०.९ मिमीचा, म्हणजे सगळे मिळून आठ मणी. सरकणाऱ्या भागाला साडेतीन मणी येतात. एवढ्यात काय दिसणार. आणि ती ३४५ हर्ट्झची लाट, बेल्टचा वेग ३.७७ भागिले ०.०१०९ करून बघ, ३४६ येतं. प्रत्येक मणी पुलीवर आपटतोय त्याचा तो ठोका आहे, बेल्टमध्ये असं काही नसतं. दोन मण्यांमधली सरळ रेघ गोलाला ०.४ मिमी आतून कापते, ७५ च्या पुलीवर ०.४ मिमी म्हणजे लई झालं. ८०० मणी केलेस तर तेच ०.०२५ मिमी होईल.

आता मुख्य. तुझा बेल्ट ३.७७ ने पळतोय, त्याचे २ टक्के म्हणजे ०.०७५ मीटर प्रति सेकंद. खरं सरकणं जास्तीत जास्त एवढ्या वेगाचं. आणि तुझा व्ही-एप्सिलॉन ०.१! म्हणजे बेल्टने पूर्ण घर्षण द्यायला जेवढं सरकायला पाहिजे तेवढं खऱ्या बेल्टमध्ये तो कधी सरकतच नाही. तुझ्या मॉडेलमध्ये चिकटलेला भाग नावाची चीजच नाही, सगळाच्या सगळा विळखा तेलात असल्यासारखा घसरतोय, टॉर्क हवा असेल तर आधी वेगात फरक पाडा मग मिळेल असा मामला. वरचे ४ आरपीएम तिथं गेले. ब्रेक लावल्यावर मुंगी चालते ती पण तीच, कारण टॅनएच शून्य वेगाला शून्य फोर्स देतो, ताण धरून उभं राहायचं त्याला माहितीच नाही.

---

माग_आणि_मॉडेल:

हे भारी आहे, क्रीपचं मी वाचलं होतं पण व्ही-एप्सिलॉनशी त्याची तुलना करायची असते हे कुठंच दिसलं नाही. पण मग कमी केला की खडखड का? तिथंच अडकलोय.

---

जॉबर_पूर्वभाग:

मी इंजिनेर नाही, मागावर आयुष्य गेलं, पूर्व भागात. पण एक इचारतो, राग धरू नको. दोनी पुलीला खाच धरलास म्हणतोस, तू माग बगितलास का रं? आमच्याकडं बऱ्याच मागांला मोठी पुली सपाटच असती. मोटरच्या पुलीला तेवढी खाच, मोठीवर बेल्ट नुसता बुडावर बसून पळतंय. जुन्या सपाट पट्ट्याची पुली तशीच ठिवून वर व्ही-बेल्ट चढवलेला असतंय, खर्च वाचतंय.

दुसरं, मोटर फिक्स धरलास काय? आमची मोटर बिजागरीवर लटकलेली असती, तिच्याच वजनानं बेल्ट ताणतंय. बेल्ट लांबला तर मोटर खाली येती. तुझं ६०० मिमी हाय ते हालतंय.

आन तिसरं. लोड सारखा नसतोय. टॉवेलचं कापड हाय, तीन पिकचं, पिक म्हंजे आडव्या धाग्याची एक फेरी, दोन पिक धागा ठोकणारी फणी अर्धीच मारती अन तिसऱ्याला पुरी ठोकती तवा लूप उभा राहतोय. त्या तिसऱ्या ठोक्याला बेल्ट चीं करतोय. कान असलं तर मशीन बगायची गरज नाही. कापूस उडून पुलीवर बसला की आणखी करतोय.

---

सीएई_पुणे:

काकांनी सांगितलं ते सिम्युलेशनवाल्यांच्या नजरेतून सुटतं ते नेमकं तेच. @माग_आणि_मॉडेल, सपाट असेल तर तुझं लिमिट बदललं बघ. मोठ्या पुलीवर विळखा २२१ अंश म्हणजे ३.८७ रेडियन, पण तिथं साइनने भागायचं नाही, म्यू ०.३ चा ०.३च. ई चा १.१६ घात म्हणजे ३.१९. छोटीवर हाच आकडा १२ च्या आसपास येतो. सगळे म्हणतात छोटी पुली आधी घसरते कारण विळखा कमी, आणि दोन्ही पुली एकसारख्या असतील तर ते खरंही आहे, पण इथं उलटं. मोठी आधी घसरणार. २००-२०० ताणावर तिची मर्यादा फक्त २०९ न्यूटन आणि तुझा सरासरी लोड १९८. म्हणजे काठावर. मोठीवर सरकणारा भाग काढलास तर २१० अंश येतो २२१ पैकी. तिसऱ्या पिकला लोड वर गेला की उरलेले ११ अंशही सुटले आणि चीं झालं.

आता खडखडीचं. गणिताचा_किडा यांनी दुखणं बरोबर पकडलंय पण औषध सांगितलं नाही. टॅनएचचा शून्याजवळचा उतार म्हणजे डॅम्परच आहे, म्यू-एन भागिले व्ही-एप्सिलॉन एवढ्या ताकदीचा. छोट्या पुलीवर एका मण्याला दाब साधारण ५८ न्यूटन, खाचेसकट घर्षण ६०. ०.१ ने भागलं तर ६००. मणी १.१ ग्रॅमचा. साध्या एक्स्प्लिसिट पद्धतीत (आत्ताच्या फोर्सवरून थेट पुढची स्टेप काढायची) स्टेप २ गुणिले वस्तुमान भागिले डॅम्पर याच्या खाली लागते, ते आलं ३.७ मायक्रोसेकंद, तू २ वर आहेस म्हणून चाललं. ०.०१ केलंस की ०.३७ मायक्रोसेकंद लागतात आणि तू २ वरच राहिलास, मग मणी दर स्टेपला पुढं-मागं उडी मारतो. ०.००५ ला जायचं म्हटलं तर ०.१८. लॅपटॉप रात्रभर चालू ठेवशील.

म्हणून टॅनएच सोड. ब्रश लाव, काही लोक ब्रिसल म्हणतात. मणी पुलीला टेकला की पुलीवरची ती जागा लक्षात ठेवायची, पुलीबरोबर ती जागा फिरत जाते. मणी त्या जागेपासून जेवढा सरकला त्याला स्प्रिंग लावायची. स्प्रिंगचा फोर्स म्यू-एन च्या आत असेल तोवर चिकटलेला. बाहेर गेला की फोर्स म्यू-एन वर कापायचा आणि ती लक्षात ठेवलेली जागा मण्यामागं ओढत न्यायची, एवढी की स्प्रिंग बरोबर म्यू-एन वर राहील. मणी पुलीवरून सुटला की जागा पुसून टाकायची, हे विसरतात लोक आणि पुढच्या फेरीला जुनी जागा धरून मणी फेकला जातो. थोडं डॅम्पिंग पण घाल, नाहीतर चिकटलेला मणी गुणगुणत राहतो. या पद्धतीत शून्य वेगाला फोर्स उभा राहतो, तुझी मुंगी गेली.

स्प्रिंग किती कडक? ०.२ मिमी सरकल्यावर पूर्ण घर्षण यावं असं धर, ६० भागिले ०.०००२ म्हणजे ३ लाख न्यूटन प्रति मीटर. तुझ्या मण्यांमधली बेल्टची स्प्रिंग ९ लाखांची आहे, तिच्यापेक्षा ही मऊच, त्यामुळं स्टेप कमी करायची गरजच पडत नाही. मणी ८०० केलेस तरी २ मायक्रोसेकंद पुरतील.

आणि ही स्प्रिंग नुसती गणिताची सोय नाही बरं का. बेल्टमध्ये ताण घेणारे दोरे वर असतात, पुलीला टेकतं ते खालचं रबर. दोरे फार ताणले जात नाहीत पण मधलं रबर आडवं कलतं. फायरबँक नावाच्या संशोधकाने १९७० मध्ये हेच मांडलं होतं, की आजच्या कडक दोऱ्यांच्या बेल्टमध्ये वेगातला फरक ताणण्यापेक्षा रबराच्या या कलण्यातून जास्त येतो. म्हणजे रेनॉल्ड्स चामड्या-रबराच्या सपाट पट्ट्यांसाठी, फायरबँक आत्ताच्या बेल्टसाठी, असं ढोबळ समज. तुझं ईए १०,००० हे कुठून घेतलंस माहीत नाही, मला जरा मऊ वाटतंय. कडक केलंस तर क्रीप २ टक्क्यांच्या खाली येईल आणि मग ब्रशची स्प्रिंगच सगळं ठरवेल.

---

चिंचोळीकर:

बरं बरं, मी गप्प बसतो. पण एक सांगा, एवढं करून शेवटी १४१ च येणार ना? मग २ टक्के धरला असता तर काय बिघडलं असतं.

---

गणिताचा_किडा:

सरासरी वेगच पाहिजे असेल तर काही बिघडलं नसतं, खरंच. आणि नुसता मागाचा वेग, मोटरचा करंट असलं बघायचं असेल तर मणी नकोतच, दोन पुली, दोन ताण आणि क्रीपचं एक समीकरण, बास. पण याला तिसऱ्या पिकला काय होतं ते बघायचंय. १४० आरपीएमला सेकंदाला २.३ पिक, म्हणजे जोराचा ठोका सव्वा सेकंदाने एकदा. त्या ठोक्याला मोठ्या पुलीवर किती वेळ सुटतं, रबर किती घासतं, फणी पोचायला किती उशीर होतो, हे २ टक्क्यांच्या एका आकड्यात कसं येईल?

@सीएई_पुणे, ब्रश मान्य, पण एक भर घालतो. खाचेच्या पुलीवर म्यू भागिले साइन हे सुद्धा अर्धसत्य आहे. बेल्ट खाचेत खाली-वर सरकतो तेव्हा घर्षणाचा काही भाग आत-बाहेर या दिशेला खर्च होतो, पूर्ण घर्षण पुढं ओढायला मिळत नाही. बाहेर पडताना तर बेल्ट खाचेत अडकतो आणि त्याला उपसून काढावं लागतं. गेर्बर्ट नावाच्या संशोधकाने यावर भरपूर काम केलंय. ताण वाढला की बेल्ट खाचेत आणखी खाली बसतो, म्हणजे फिरण्याची त्रिज्याच बदलते. पेनल्टीची स्प्रिंग, म्हणजे घुसलेल्या मण्याला बाहेर ढकलणारी, आपण मनाला येईल ती कडक ठेवतो, पण व्ही-बेल्टमध्ये ती खरी गोष्ट आहे, मोजता येते.

---

सीएई_पुणे:

बरोबर आहे पण पोराच्या प्रोजेक्टला एवढं नको हो, तो पास होऊ दे आधी. इथं छोट्या पुलीवर मर्यादा ३३८ आहे, तिथं काही सुटत नाहीये, सगळा खेळ सपाट पुलीवर आहे. त्या पुलीवर खाच नाही म्हणजे उपसणंही नाही.

---

माग_आणि_मॉडेल:

मामाच्या कारखान्यात जाऊन आलो, अक्कलकोट रोड एमआयडीसी. काका म्हणाले तसंच, मोठी पुली सपाट, कडेला नुसता उंचवटा, मधला भाग आरशासारखा चकचकीत झालेला आणि त्यावर कापसाच्या भुग्याचा काळपट थर. मोटर पण बिजागरीवरच. ड्रॉइंगमध्ये सरांनी जे दिलं होतं त्यात दोन्ही खाचेच्या होत्या.

ब्रश लावला, ८०० मणी, स्टेप तीच. दोन्ही खाचेच्या ठेवल्यावर १४१ ला थांबलं, आणि ब्रेक लावून अर्धा टॉर्क दिला की बेल्ट किंचित कलतो आणि गप उभा राहतो. छोट्या पुलीवर प्रत्येक मण्याचं सरकणं रंगाने दाखवलं तर बाहेर पडायच्या बाजूला एक पट्टा लाल होतो, बाकीचा निळा, ६१ अंशांपेक्षा थोडा कमी येतोय पण जवळच. ३४५ ची लाट जवळजवळ गेली, आता १४०० च्या आसपास नुसती कुरकुर आहे.

मग मोठी सपाट केली आणि लोडला तीन पिकचा आकार दिला. दर तिसऱ्या ठोक्याला मोठ्या पुलीचा सगळा विळखा लाल होतो, पुढच्या पिकपर्यंत परत धरतो. छोटीवर काही फरक नाही. मामाला दाखवलं तर म्हणाला, हे तर आमच्या वॉचमनला पण माहितीये.

आता मोटर बिजागरीवर घ्यायचीय. ताण ठोक्याबरोबर हलणार म्हणजे आता टी१ अधिक टी२ कायम ४०० राहणार नाही, हो ना?

---

सीएई_पुणे:

नाही राहणार. मोटरच्या वजनाचा बिजागरीभोवतीचा मोमेंट बरोबर दोन्ही ताणांचा मोमेंट, हे समीकरण येईल, आणि दोन्ही ताणांचे हात वेगवेगळे असतात म्हणून बिजागरी बेल्टच्या कोणत्या बाजूला आहे त्याला फार महत्त्व आहे. घट्ट बाजू बिजागरीच्या जवळ असेल तर लोड वाढला की दोन्ही ताणांची बेरीज वाढते, बेल्ट आपोआप आवळतो. लांब असेल तर उलट, नेमक्या ठोक्याला सैल पडतो. मोजून घे, बिजागरीपासून बेल्टच्या दोन्ही फांद्यांपर्यंतचं अंतर, टेपने चालेल. मोटर स्वतः पण झोके घेईल, तिचं जडत्व घालायला विसरू नको. सेंट्रिफ्युगल ताणाची काळजी करू नको, ०.१ गुणिले ३.७७ चा वर्ग म्हणजे दीड न्यूटन पण नाही.

---

गणिताचा_किडा:

आणि खरं मोजमाप घेणार असशील तर ७५ आणि ५०० वर विश्वास ठेवून क्रीप काढू नकोस. बेल्ट नक्की कुठल्या व्यासावर फिरतो ते खाच झिजली की बदलतं, १ मिमीचा फरक छोट्या पुलीवर म्हणजे सव्वा टक्क्याच्या वर, तुझ्या क्रीपच्या निम्म्याहून जास्त. आधी माग रिकामा फिरव, दोन्ही पुलींचे आरपीएम टॅकोने घे, ते गुणोत्तर तुझा पाया. मग कापड चालू असताना घे. दोन गुणोत्तरांतला फरक तो खरा क्रीप, स्लिपसकट.

---

जॉबर_पूर्वभाग:

माग पुरा रिकामा फिरत नसतंय बाबा, धोटा काढलास तरी फणी मारतीच की. बेल्ट उतरवून मोठी पुली हातानं फिरवून बग आधी किती जड लागती, मग कळंल तुझं रिकामं म्हंजे किती रिकामं. आन तिथल्या पोरांनी पुलीला राळ लावलेली असंल तर आधी पुसून घे, नाहीतर तुझं ते ०.३ का काय ते पहिल्या दिवशी येगळं अन चौथ्या दिवशी येगळं येईल. राळेवर कापूस बसला की दोन दिवसात पुली पहिल्यापेक्षा गुळगुळीत. उन्हाळ्यात तर इचारूच नको, दुपारी शेडमध्ये बेल्टला हात लावला तर चिकटतंय, सकाळी येगळंच. दुपारचं अन सकाळचं दोनी घे.

---

माग_आणि_मॉडेल:

राळ लावलेलीच होती काका, म्हणूनच तो काळपट थर. पुसून दोन्ही वेळचं घेतो आणि बिजागरीची अंतरं मोजून इथंच टाकतो. @सीएई_पुणे, घट्ट बाजू खालची आहे आणि बिजागरी पण खालीच, म्हणजे आपोआप आवळणारी केस ना?

---

सीएई_पुणे:

हो, पण मोटर कुठल्या दिशेला फिरते ते डोळ्यांनी बघून ये. फेजच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या असतील तर घट्ट बाजू वरची.